बारा ट्रॅक, आठ गाणी: पहिल्या अल्बमच्या कामाच्या नोंदी

८ जून, रविवार

ठरलं, अल्बम घरीच करायचा. गोव्यात फोंड्याला काकांच्या जुन्या घरात माजघरामागे भाताची कोठी असायची, ती खोली आता रिकामी आहे. स्टुडिओत तासावर पैसे मोजावे लागतात आणि आम्हा पाच जणांना शनिवार-रविवार सोडून एकत्र बसायला सवड नाही. त्यातही दोघे शनिवारी कामावर. हिशेब तिथेच संपला.

खोली बरी आहे. चिऱ्याच्या हातभर जाड भिंती, वर लाकडी माळा, त्यावर मंगळुरी कौलं. खिडकी एकच, राजांगणाकडे उघडणारी. काकींच्या अटी दोन: रात्री नऊनंतर ड्रम नाही, आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी खोली झाडूनपुसून परत, कारण माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचं) सामान तिथेच ठेवतात. म्हणजे २७ ऑगस्टच्या आत रेकॉर्डिंग आटपायचं, मिक्सिंग (सगळे आवाज एकत्र जुळवणं) नंतर माझ्या घरी.

गाणी आठ, सगळी मराठी. पाच बांधून तयार, दोन अर्धी, एकाची नुसती चाल आहे आणि शब्दांच्या जागी 'ला ला'.

एक नियम माझ्या आग्रहावरून झाला: कुठल्याही गाण्यात बारापेक्षा जास्त ट्रॅक, म्हणजे वेगवेगळ्या नोंदवलेल्या आवाजांच्या पट्ट्या, नकोत. संगणकावर हवे तेवढे उघडता येतात, म्हणूनच. गिटारवाल्याचं तोंड लगेच उतरलं. त्याच्याकडे एकेका गाण्याचे ढीगभर टेक पडून असतात आणि त्यातला कुठला चांगला हे तो कधी सांगत नाही.

१० जून, मंगळवार

बारावरच का अडून बसलो ते लिहून ठेवतो, नाहीतर जुलैत कुणीतरी वाद काढणारच. बेस वाजवणारा भाचा फर्मागुढीला इंजिनिअरिंग करतो. बारासाठी मी सारखा बॉस्टनचा दाखला देतो, म्हणून त्याने कालच विचारलं, "मामा, बॉस्टन म्हणजे शहर की बँड?"

बँड. आणि त्याच नावाचा त्यांचा पहिला अल्बम, ऑगस्ट १९७६ मधला. त्यामागचा माणूस टॉम शोल्झ. एमआयटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकलेला, दिवसा पोलरॉइड कंपनीत नोकरीला, संध्याकाळी घरच्या तळघरात. गाव मॅसॅच्युसेट्समधलं वॉटरटाउन. तळघर म्हणजे भट्टीच्या शेजारची, पाइनच्या फळ्या मारलेली अडचणीची जागा, अधूनमधून पाणी शिरायचं ते वेगळंच. (हे वाचल्यापासून आमच्या पावसाची मला फारशी भीती उरलेली नाही.) स्कली कंपनीचं बारा ट्रॅकचं टेप यंत्र होतं. गिटार, ऑर्गन, बेस, बहुतेक सगळं त्यानेच वाजवलं. गायक ब्रॅड डेल्प. तोही नोकरदार, कॉफीच्या यंत्रांना लागणाऱ्या हीटिंग कॉइल बनवणाऱ्या कारखान्यातला. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्स करणाऱ्या माझ्यासारख्याला ही मंडळी जवळची वाटणारच.

आठ गाणी, अडतीस मिनिटांच्या आत. अल्बम अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला आणि त्यातलं 'मोअर दॅन अ फीलिंग' पाचव्यापर्यंत. पुढे एकट्या अमेरिकेत १ कोटी ७० लाख प्रतींची नोंद झाली. पहिल्याच अल्बमला!

आता या कहाणीतला मला आवडणारा भाग. एपिक या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला तळघर पसंत नव्हतं. रीतसर स्टुडिओत, नाव असलेल्या निर्मात्याबरोबर सगळं नव्याने रेकॉर्ड करा म्हणाले. निर्माता म्हणून आला जॉन बॉयलन, आणि त्याने चक्क शोल्झची बाजू घेतली. बाकीच्या वादकांना घेऊन तो लॉस एंजलिसला गेला, तिथे डेल्पचं एक गाणं रेकॉर्ड केलं. कंपनी समजली, काम इथे चाललंय. तिकडे शोल्झ आपल्या तळघरात उरलेली गाणी वाजवत बसला होता.

लोक मात्र 'तळघरात केला' एवढंच सांगतात, आणि घरी रेकॉर्डिंग करणारा प्रत्येक जण त्यावर छाती फुगवतो. पुढचंही सांगावं. शेवटी रेकॉर्डिंगचा ट्रक दारात आला, तळघराच्या खिडकीतून केबल ओढली, बारा ट्रॅकवरचं सगळं चोवीस ट्रॅकच्या टेपवर उतरवलं. गाणाऱ्याचा आवाज आणि मिक्सिंग लॉस एंजलिसच्या स्टुडिओंत झालं. म्हणजे स्टुडिओ लागलाच, फक्त उशिरा लागला. आणि 'एकदम यश' म्हणाल तर 'मोअर दॅन अ फीलिंग' या एका गाण्यावर शोल्झची पाचेक वर्षं गेली होती. ही पाच वर्षं त्याने पगारावर काढली. माझ्या मते खरी गोष्ट ती आहे.

बारा ट्रॅक असले की काय होतं, तर जागा संपते. मग भरलेले तीन-चार ट्रॅक एकत्र करून एकावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्यांवर पुढचं वाजवायचं. एकदा उतरवलं की त्यातली गिटार मागाहून कमी-जास्त करता येत नाही. शिवाय टेपची खरखर प्रत्येक वेळी वाढते. सारख्याच खरखरीचे दोन ट्रॅक एक केले की तीन डेसिबल. म्हणून आधी ऐकायचं, ठरवायचं, मग पुढे जायचं. आमच्याकडे टेप नाही, खरखर नाही, जागाही संपत नाही. त्यामुळे ठरवायची वेळ येतच नाही. ती यावी म्हणून बारा.

१४ जून, शनिवार

खोली मोजली. लांबी ५.२ मीटर, रुंदी ३.४. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाजाची अर्धी लाट बरोबर बसली की तो सूर खोलीत घुमतो. आवाजाचा वेग, सेकंदाला ३४३ मीटर, भागिले रुंदीची दुप्पट, म्हणजे ५० हर्ट्झच्या आसपास. घरच्या विजेची घरघर असते नेमका तोच आकडा निघाला. हे लक्षात ठेवायला हवं.

काथ्याच्या जुन्या गाद्या काकांनी माळ्यावरून काढून दिल्या. भिंतीला चिकटवून न ठेवता वीतभर पुढे उभ्या केल्या. टाळी वाजवली की जो टणत्कार यायचा तो गेला. खालचा घुमारा मात्र आहे तसाच; दहा सेंटिमीटरची गादी उंच आवाज खाते, बेसच्या वाटेला जात नाही. त्यासाठी कोपऱ्यांत गाद्यांच्या गुंडाळ्या रचल्या. फरक पडला, पण सांगण्यासारखा नाही.

२२ जून, रविवार

ड्रम.

ड्रमर वास्कोहून ड्रम घेऊन आला, भर पावसात, टेम्पोवर ताडपत्री घालून. आल्या आल्या त्याचं भाषण सुरू: "बीटल्सनी पहिल्या अल्बमची दहा गाणी एका दिवसात केली. तू आम्हाला चवथीपर्यंत बसवतोयस!"

खरं आहे. ११ फेब्रुवारी १९६३, लंडनच्या ईएमआय स्टुडिओत, सकाळपासून रात्रीपर्यंत. लेननचा घसा सर्दीने बसलेला, म्हणून सर्वांत ओरडायचं गाणं शेवटी ठेवलं. पण त्याआधी हॅम्बुर्गच्या क्लबांत त्यांनी रात्र रात्र वाजवलं होतं. एका दिवसात रेकॉर्ड झालं कारण तालीम आधीच फिटली होती. आम्ही चौघांनी एका तालात शेवटचं वाजवलं ते एका कॉलेजच्या कार्यक्रमात, तेही मधेच जनरेटर बंद पडून.

तरी त्याच्या बोलण्यातलं निम्मं घेतलं. ड्रम, बेस आणि एक गिटार एकत्रच वाजवायची, एकेकट्याने नाही. गिटारचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) माजघरात, दार लोटून. त्यातून थोडी गिटार ड्रमच्या माइकमध्ये येते. येऊ दे.

ड्रमला चारच माइक: बास ड्रम, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) आणि डोक्यावर दोन. वरचे दोन्ही स्नेअरपासून सारख्याच अंतरावर हवेत, नाहीतर स्नेअर एका कानात आधी पोचतो आणि आवाज पोकळ होतो. सुतळीचं एक टोक स्नेअरवर धरलं, दुसरं माइकला लावून गाठ मारली, मग तीच गाठ दुसऱ्या माइकपर्यंत नेली. तीन बोटांचा फरक निघाला. स्टँड सरकवला, आणि स्नेअर मधोमध आला. महागड्या यंत्रापेक्षा सुतळीने आजचा दिवस वाचवला.

बाराचं वाटप भिंतीवर खडूने लिहिलं: ड्रम चार, बेस एक, गिटार दोन, कीबोर्ड एक, घुमट (गोव्याचं मातीच्या मडक्याचं तालवाद्य) एक, मुख्य आवाज एक, साथीचे आवाज दोन. गिटारवाल्याने ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं आणि काही बोलला नाही.

२९ जून, रविवार

दिवसभर कौलांवर धो धो. काहीही झालं नाही. काकींनी आमसुलाचं सार केलं होतं.

६ जुलै, रविवार

आषाढी. गायिका-ताईचं भजन होतं, ती आली नाही. तिसरं आणि पाचवं गाणं, ड्रम-बेस पूर्ण. भाच्याची बोटं पाचव्यात अजून घाई करतात, पण ते गाणंच घाईचं आहे.

१३ जुलै, रविवार

गिटार. आज वादही झाला आणि आवाजही लागला.

बॉस्टनच्या गिटारचा आवाज इतका भरलेला का, यावर गिटारवाला कॉलेजपासून बोलतोय. त्यातलं एक सरळ आहे: तोच भाग दोनदा वाजवायचा, एक डावीकडे, एक उजवीकडे. माणूस दोनदा अगदी सारखं वाजवू शकत नाही. कुठे केसाएवढा उशीर, कुठे तार किंचित जास्त ताणलेली. त्या फरकातून रुंदी येते. संगणकात एकाच ट्रॅकची प्रत काढून दुसरीकडे टाकली तर रुंदी येत नाही, तोच आवाज मधोमध आणि मोठा ऐकू येतो. भाच्याने करून पाहिलं. मग गिटारवाल्याला दुसऱ्यांदा खरंच वाजवायला लावलं. तो वैतागला, पण हेडफोन लावून ऐकल्यावर "आं!" म्हणाला आणि पुढची तीनही गाणी न सांगता दोनदा वाजवली.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. त्याचा ॲम्प व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा), पंधरा वॅटचा. व्हॉल्व्हचा ॲम्प पुरता चढवल्याशिवाय गोड फाटत नाही आणि चढवला की पलीकडच्या वाड्यातला कुत्रा भुंकतो. हीच अडचण शोल्झलाही होती, त्यावर त्याने पुढे पॉवर सोक नावाची वस्तूच विकायला काढली. ॲम्प आणि स्पीकरच्या मधे बसते, ॲम्पची बरीचशी ताकद उष्णतेत घालवते आणि उरलेली स्पीकरला देते. ॲम्पला वाटतं आपण पूर्ण जोरात आहोत. इंजिनिअर माणूस बँडमध्ये असला की असं होतं: तक्रार करण्याऐवजी तो डबा बनवतो. १९८२ मध्ये त्याच्या कंपनीने कमरेला लावायचा रॉकमन नावाचा छोटा ॲम्प काढला, तो तर हेडफोनवरच वाजवायचा.

मीही तसा डबा करून दिला. आकड्यांची खात्री दोनदा केली, कारण व्हॉल्व्ह ॲम्प लोडशिवाय, म्हणजे स्पीकर वगैरे न जोडता, चालवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो आणि तो इथे सहजासहजी मिळत नाही. रेझिस्टर इतके तापतात की त्यावर हात ठेवता येत नाही. जुन्या पॅनेलचा ॲल्युमिनियमचा पत्रा मागे लावला. कुत्रा आज गप्प होता.

एका गाण्यात त्याला तिसरी गिटार हवी आहे. भिंतीकडे बोट दाखवलं. "मग कीबोर्ड काढ," म्हणाला. माझा! रात्री ऐकून पाहिलं. त्या गाण्यात कीबोर्ड खरंच काही करत नाही. काढला.

१९ जुलै, शनिवार

घरघर. चौथ्या गाण्यात गिटार थांबते त्या जागी मागे एक जाड सूर राहतो, पण मी ऐकायला बसतो त्या खुर्चीत तो येत नाही. कुणालाच येत नव्हता. काकी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "फ्रिजसारखं काय रे घुमतंय हे?"

दार लांबीच्या भिंतीत आहे, खुर्ची बरोबर मध्ये. ५० हर्ट्झची अर्धी लाट या दोन भिंतींत बसते, तेव्हा भिंतीपाशी दाब सर्वांत जास्त आणि मधोमध जवळजवळ शून्य. म्हणजे घरघर ऐकायला खोलीतली सर्वांत वाईट जागा आम्ही ऐकण्यासाठी निवडली होती आणि काकी सर्वांत चांगल्या जागी उभ्या होत्या. खुर्ची आता पाऊण मीटर सरकवली आहे.

घरघरीचं मूळ: ॲम्प एका खोलीच्या सॉकेटवर, लॅपटॉप दुसऱ्या. दोन ठिकाणचं अर्थिंग, मधे ऑडिओची केबल, म्हणजे पूर्ण वेटोळं तयार. सगळं एकाच बोर्डावर आणलं, गेली. भाच्याने कुठेतरी वाचलं होतं की प्लगची अर्थची पिन काढली तरी घरघर जाते. जाते, आणि एखाद्या दिवशी माइकला ओठ लावणारा माणूसही जातो. या घरात, या पावसात, कुणीही अर्थच्या पिनेला हात लावायचा नाही. भिंतीवर बाराच्या खाली हेही लिहिलं.

३० जुलै, बुधवार

ड्रमर दामोदर सप्ताहाला, वास्कोत. अखंड भजन आहे, रात्रीच्या पाळीत त्याची पखवाजावर साथ. त्याचं कौतुक आहे, पण पाचव्या गाण्यातला ब्रेक त्याने अजून वाजवायचाय.

३ ऑगस्ट, रविवार

घुमट. आजचं काम सर्वांत चांगलं झालं.

सहाव्या गाण्यात मधल्या भागात ड्रम थांबतात आणि एकटं घुमट येतं, हे पहिल्यापासून ठरलेलं. शेजारचे एक काका आरतीला वाजवतात; चवथ जवळ आल्यामुळे त्यांचे हात असेही तयार होते. मडक्याची दोन तोंडं: मोठ्यावर कातडं, लहान उघडं. उजव्या हाताने वाजवायचं आणि डाव्या तळव्याने मागचं तोंड झाकत-उघडत सूर वर-खाली करायचा. पूर्वी कातडं घोरपडीचं असायचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, घोरपड संरक्षित, आता बकऱ्याचं लावतात. जुने वादक नाक मुरडतात. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं तरी कातड्याची कुरकुर चालूच आहे. काका म्हणाले, "आवाज हातात असतो रे, कातड्यात निम्माच."

पण आजची हवा ओली. कातडं सैल पडलं, थाप धप्प यायला लागली. काकींच्या चुलीजवळ दर दोन टेकमागे नेऊन शेकावं लागलं. पहिला अर्धा मिनिट सूर चढा, मग उतरत जातो. बेसशी जुळेना. मग उलट केलं: बेस घुमटाबरोबर पुन्हा वाजवला, घुमट जिथे असेल तिथे भाच्याने सूर लावून घेतला.

माइक दोन लावले, कातड्यासमोर एक, मागच्या तोंडाशी एक. एकत्र ऐकलं तर सगळं पोट गायब, नुसती टिकटिक. थाप बसली की कातडं आत जातं आणि मागून हवा बाहेर येते. एक माइक ओढला जातो तेव्हा दुसरा ढकलला जातो. मागच्या माइकची पोलॅरिटी उलटी केली. एक बटण दाबायचं काम. मडकं भरून आवाज आला आणि काकांनी हेडफोन काढून पुन्हा घातला. मग दोन्ही मिळून एकाच ट्रॅकवर उतरवले, कायमचे. बाराचा नियम पाळायचा तर असंच.

ड्रमरने (सप्ताहानंतरच्या जागरणाने डोळे लाल) हे ऐकलं आणि म्हणाला, की मग पाचव्यातला ब्रेकही काकांकडूनच घेऊ या. आळस आहे का कल्पना, ठरवता आलं नाही. घेतला. चांगला आहे.

१० ऑगस्ट, रविवार

आवाज. सकाळी बेडूक नव्हते, म्हणून सातलाच सुरुवात.

डेल्पचं गाणं ऐकलं की साथीला पाच-सहा जण उभे असल्यासारखं वाटतं. सगळे तोच. एकच ओळ स्वतःवर स्वतः पुन्हा गायची, इतकी जुळवून की शब्दाचं शेवटचं व्यंजनही एकत्र पडावं. आम्हीही तेच करायला गेलो आणि अडलो, कारण ताई शास्त्रीय शिकलेली आहे. तिला एकच ओळ दुसऱ्यांदा तशीच गायची सवयच नाही. पहिल्या वेळी मुरकी 'दारात' वर, दुसऱ्या वेळी 'दारा' वरच सुरू. दोन्ही सुंदर, पण एकावर एक ठेवल्या की चिखल. मी म्हटलं, तीच घे. ती म्हणाली, "तीच घेतली तर ती मुरकी कसली? ते पाठांतर झालं."

तिचं बरोबर आहे. तासभर माझंही बरोबर होतं. अर्ध्या स्वराची मींड तर आणखी कठीण. दोन आवाज वेगवेगळ्या वेगाने एका स्वरावरून दुसऱ्यावर उतरतात आणि मधल्या प्रवासात एकमेकांशी भांडतात. पाश्चात्य साथीचे सूर पायरीवर पाय ठेवून उभे असतात, म्हणून ते चढवता येतात. आपला सूर चालत असतो.

शेवटी असं: अंतऱ्यात एकटा आवाज, मोकळा, तिला हवं तसं. धृपदात फक्त लांब उभे स्वर, तिथे ती स्वतःवर दोनदा गायली, एकदा मूळ, एकदा वरच्या गंधारावर. धृपद उघडतं तिथे आवाज एकाचे तीन होतात आणि अंतऱ्यात पुन्हा एकटे. मूळ आराखड्यात सगळीकडे तीन होते. त्यापेक्षा हे चांगलं आहे, आणि मला खात्री आहे की ट्रॅक भरपूर असते तर आम्ही सगळीकडे सहा टाकून चिखल झाकला असता.

अकराला पाऊस, बाराला बेडूक. दुसऱ्या गाण्याच्या शेवटी एक बेडूक राहिला आहे, सुरात आहे, ठेवला.

१७ ऑगस्ट, रविवार

'ला ला'चे शब्द आले. गायले. रेकॉर्डिंग संपलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

खोली झाडली, गाद्या माळ्यावर. भिंतीवरचं खडूचं वाटप काकींनी पुसू दिलं नाही. म्हणे आमच्या नातवाला दाखवीन.

३१ ऑगस्ट, रविवार

घरी मिक्सिंग. स्ट्रीमिंगवर गाण्यांचा मोठेपणा सारखा करून वाजवतात, स्पॉटिफायवर साधारण उणे १४ लफ्स (मोठेपणा मोजायचं एकक). गिटारवाला म्हणतो अजून जोरात कर. जोरात करून पाठवलं तर ते तिथे कमी करतात आणि आपण दाबून टाकलेल्या ड्रमच्या थापा काही परत देत नाहीत. उणे तेरावर थांबलो. पंचायत नको म्हणून त्याला सांगितलं नाही, त्याला आवडलं.

सहाव्या गाण्यातलं घुमट फोनच्या स्पीकरवर नाहीसं होतं. फोन एवढा खालचा आवाज काढूच शकत नाही. कातड्याच्या थापेचा वरचा भाग थोडा वाढवला, आता निदान ताल कळतो.

७ सप्टेंबर, रविवार

दोन विषय राहिले होते.

एक, वाटायचं कसं. स्ट्रीमिंग आहेच. ड्रमरला सीडीही काढायच्या आहेत. घरात सीडी वाजवायला यंत्र कोणाकडे आहे, असं विचारलं तर त्याच्याकडेही नाही. मग रेमो फर्नांडिसचा विषय निघाला, तो गोव्यात निघतोच. १९८४ मध्ये शिवोलीच्या घरी, चार ट्रॅकच्या यंत्रावर पहिला अल्बम केला आणि स्कूटरवरून स्वतः दुकानोदुकानी पोचवला. बॉस्टनपेक्षा हे उदाहरण जवळचं आणि ट्रॅकही एक तृतीयांश. पण त्या वेळी कॅसेट लोक घ्यायचे. आम्ही जत्रांत आणि कॉलेजांत वाजवू तिथे पत्रकं लावू, त्यावर स्कॅन करायचा चौकोन. सीडी थोड्या, घरच्यांसाठी.

दोन, नावं. हा विषय सगळे टाळत होते. बॉस्टनच्या आठातली सहा गाणी एकट्या शोल्झच्या नावावर, एकात डेल्प वाटेकरी, एक डेल्पचं. ते खरंच तसं होतं, म्हणून छापलं. आमच्यात मात्र सगळेच 'आपण मिळून केलं' म्हणतात आणि पैसे आले की हे वाक्य कुणाला आठवत नाही. कॉपीराइट कायद्यात हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सोडून देता येत नाही. म्हणून एकेका गाण्याला एकेक कागद केला: शब्द कुणाचे, चाल कुणाची, किती टक्के.

ताईला पाच गाण्यांत चालीचा वाटा दिला, ती नको म्हणाली, धृपदं तिने बदलली हे सगळ्यांनी सांगितल्यावर घेतला. सहाव्यात घुमटवाल्या काकांचं नाव वादक म्हणून, आणि मधल्या भागात चालीचा दहा टक्के. ते म्हणाले, "आरतीला कोण टक्के देतो?" सही मात्र केली, सावकाश, पूर्ण नाव.

प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी कोड (रेकॉर्डिंगचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) आला. तोही बारा अक्षरांचाच, भाचा खूश.

गिटारवाल्याची सही सातव्या गाण्यावर बाकी आहे. चाळीस टक्के मान्य नाहीत, पंचेचाळीस हवेत. गुरुवारी कुंडईहून सुटल्यावर त्याच्याकडे जायचं आहे, मूळ चालीची जुनी फोनवरची नोंद घेऊन.